दगडांची पारख शिकवणारे फ्रीडरिश मोस

डोंगरात सापडलेला रंगहीन, पारदर्शक खडा साध्या गारगोटीचा आहे की एखाद्या दुर्मिळ खनिजाचा, हे केवळ नजरेने ठरवता येत नाही. अशा वेळी संग्राहक आजही ज्या कसोटीकडे वळतात, ती जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांची देणगी आहे.

२९ जानेवारी १७७३ रोजी हार्झ पर्वतातील गेर्नरोड येथे मोस यांचा जन्म झाला. हाले विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शिकल्यावर ते फ्रायबर्गच्या खनिकर्म अकादमीत आब्राहाम वेर्नर यांचे विद्यार्थी झाले. रंग, चमक, कठीणपणा अशा बाह्य लक्षणांवरून खनिज ओळखण्याची शिस्त वेर्नर यांनी घालून दिली होती. मात्र 'मऊ', 'अर्धकठीण' अशा शब्दांत नेमकेपणा नव्हता.

१८०२ मध्ये व्हिएन्नातील फान डेर न्युल या सावकाराच्या खनिजसंग्रहाची सूची करण्याचे काम मोस यांच्याकडे आले. असंख्य नमुने हाताळायचे, अनोळखी खनिजांना नाव द्यायचे आणि तेही मौल्यवान नमुना न बिघडवता, हे सोपे नव्हते. खनिजाचे स्वरूप न पालटता जे गुण तपासता येतात, त्यांवरच वर्गीकरण उभे राहावे, असे मत पुढे त्यांनी आग्रहाने मांडले.

१८१२ मध्ये ते ग्राझ येथील योहानेउम संस्थेत प्राध्यापक झाले आणि त्याच सुमारास त्यांचा कठिनता मापक्रम आकाराला आला. शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद आणि हिरा अशी ही दहा खनिजांची चढती श्रेणी. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते, एवढाच तिचा नियम. हे आकडे फक्त क्रम सांगतात; कुरुविंद नववा आणि हिरा दहावा असला, तरी हिरा त्याहून कितीतरी पट कठीण असतो.

या कसोटीचे मोल फेनाकाइट या दुर्मिळ खनिजावरून कळते. १८३३ मध्ये उरल पर्वतातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन झाले. ते क्वार्ट्झ समजले जात असल्याने त्याला 'फसवा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव मिळाले. पण त्याची कठिनता साडेसात ते आठ असल्याने ते क्वार्ट्झवर ओरखडा काढते. पुष्कराजाची शंका उरलीच, तर तो एका ठरावीक प्रतलावर सहज दुभंगतो आणि फेनाकाइटपेक्षा जडही असतो. मात्र उमटलेली रेघ बोटाने पुसून पाहावी लागते. ती मऊ खनिजाची नुसती भुकटीही असू शकते. चांगल्या स्फटिकाच्या दर्शनी बाजूवर तर हा प्रयोग करूच नये.

१८१८ मध्ये मोस फ्रायबर्गला गुरूंच्या जागी रुजू झाले आणि १८२६ मध्ये व्हिएन्नाला गेले. तोवर रसायनशास्त्र झपाट्याने पुढे सरकत होते. वर्गीकरणातून रसायनाला दूर ठेवण्याचा मोस यांचा आग्रह काळापुढे टिकला नाही. आज खनिजाची व्याख्या रासायनिक संघटन व स्फटिकरचना यांवरूनच होते.

२९ सप्टेंबर १८३९ रोजी इटलीच्या प्रवासात अगोर्दो येथे वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या वर्गीकरणावर त्यांनी आयुष्य वेचले, ते मागे पडले. पण त्यासाठी घडवलेले साधेसे साधन, प्रयोगशाळेपासून दूर डोंगरात हिंडणाऱ्यांच्या पिशवीत आजही असते.