न उघडलेलं दार

बँकेत असताना कर्जाचा अर्ज नाकारला, तर फाइलवर कारण लिहावं लागे. अर्जदार रागावे, भांडे. पण नकार कशापायी, हे त्याला कळे. कारण न सांगता दिलेला नकार किती वर्षं मनात घर करून राहतो, हे मला फ्रँकलिन रूझवेल्टच्या चरित्रानं शिकवलं.

३० जानेवारी १८८२ चा जन्म. हडसन नदीकाठी इस्टेट, आईचा एकुलता एक. १९०० साली तो हार्वर्डला आला. तिथं १७९१ पासूनचा पोर्सेलियन हा फक्त पुरुषांचा क्लब होता. नात्यातले थिओडोर रूझवेल्ट त्याचे सदस्य, आणि १९०१ मध्ये ते राष्ट्राध्यक्षही झाले. फ्रँकलिनला वाटलं, आपली जागा ठरलेलीच. पण क्लबनं त्याला घेतलं नाही.

तो फ्लाय क्लबात गेला, 'क्रिमसन' या विद्यार्थी-दैनिकाचा अध्यक्ष झाला. तरी सल राहिलाच. पुढं एका नातलगाजवळ त्यानं ही आयुष्यातली सर्वांत मोठी निराशा असल्याचं कबूल केलं. पत्नी एलिनॉर यांना मात्र वाटे, की दाराबाहेर राहिलेल्यांचं दुःख त्याला इथूनच कळू लागलं. १९२१ मध्ये पोलिओनं पाय नेले. ती जाण आणखी खोल झाली असावी.

मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा बँका कोसळत होत्या. त्यांनी देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि असं का केलं, ते रेडिओवरून साध्या शब्दांत समजावलं. बँका उघडल्या, तेव्हा लोक पैसे परत भरायला आले. बँकवाल्याला याहून मोठा चमत्कार कोणता? त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सिस पर्किन्स यांना कामगारमंत्री केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री. पुरुषांच्याच क्लबासाठी झुरलेल्या माणसानं हे दार उघडलं.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले, क्लब राहिले. मुलींना घ्यावं लागू नये म्हणून १९८४ मध्ये त्यांनी विद्यापीठाशी संबंधच तोडले. २०१६ मध्ये हार्वर्डनं नियम केला: अशा एकाच लिंगाच्या क्लबात जाणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना संघाचं कप्तानपद नाही, मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठी शिफारस नाही. रोख पुरुषांच्या क्लबांवर होता. झळ मुलींच्या मंडळांनाही लागली. काही बंद पडली, काहींनी मुलांना प्रवेश खुला केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये विद्यापीठानं नियम मागं घेतला.

मला विचाराल, तर कुणाशी मैत्री करावी, हे कुलगुरूंनी ठरवू नये. मुलींना चार मुलींतच मोकळं वाटत असेल, तर त्यांना तसं बसू द्यावं. पण ज्या ओळखीवर उद्याच्या नोकऱ्या आणि खुर्च्या मिळतात, ती बंद दाराआड वाटली जात असेल, तर तो निव्वळ मैत्रीचा मामला उरत नाही. तिथं नकाराचं कारण विचारण्याचा हक्क बाहेरच्याला हवा. रूझवेल्टना तो मिळाला नाही. त्यांच्याजवळ निदान दुसरी दारं होती. सगळ्यांजवळ ती असतातच असं नाही.