रिकाम्या जागा ठेवणारे शास्त्रज्ञ : दिमित्री मेंडेलीव्ह



प्रयोगशाळेच्या भिंतीवरील आवर्तसारणीचा तक्ता पाहिला की नववी-दहावीची मुले दरवर्षी आम्हांला एकच प्रश्न विचारतात, सर, हे सगळे पाठ करायचे का? आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा आम्हीही हाच प्रश्न विचारला होता आणि मग मुकाट्याने सारा तक्ता पाठ केला होता. परीक्षेत गुण मिळाले, पण तक्ता काय सांगतो हे पुष्कळ वर्षांनी, तो शिकवण्याची वेळ आली तेव्हा कळले. मुलांवर तशी वेळ येऊ नये म्हणून या अंकात हा तक्ता मांडणाऱ्या दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह यांची जीवनकथा सांगत आहोत.

मेंडेलीव्ह यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी रशियातील सैबेरिया प्रांतात तोबोल्स्क या गावी झाला. मोठ्या कुटुंबातले ते शेंडेफळ. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. दिमित्रीच्या जन्माच्या वर्षीच त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात एवढे मोठे घर चालणार कसे? आई मारिया यांनी माहेरचा बंद पडलेला काचेचा कारखाना पुन्हा सुरू केला आणि मुले वाढवली. १८४७ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी कारखाना आगीत जळून खाक झाला.

अशा वेळी कोणीही धाकट्या मुलाला चार पैसे मिळवायला लावले असते. मारियाबाईंनी तसे केले नाही. मुलाला शिक्षणाची गोडी आहे हे ओळखून त्या त्याला घेऊन दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मॉस्कोला निघाल्या. तेव्हा त्या भागात आगगाडी नव्हती. मॉस्कोच्या विद्यापीठाने सैबेरियातील मुलगा म्हणून प्रवेश नाकारला. माउली हिंमत हरली नाही. ती त्याला सेंट पीटर्सबर्गला घेऊन गेली. तेथे त्याचे वडील ज्या अध्यापक संस्थेत शिकले होते, तिथेच १८५० मध्ये दिमित्रीला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी आईने जगाचा निरोप घेतला. सदतीस वर्षांनी, १८८७ मध्ये, मेंडेलीव्ह यांनी द्रावणांवरील आपला मोठा ग्रंथ आईच्या स्मृतीस अर्पण केला. पालकांनी हा प्रसंग मुलांना जरूर वाचून दाखवावा.

१८५५ मध्ये पदवी घेऊन ते शिक्षक झाले. पुढे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी संशोधन केले. १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिला ते उपस्थित होते. मूलद्रव्यांचे अणुभार नेमके कसे ठरवावेत याची स्पष्ट मांडणी इटलीच्या कानिझारो यांनी तेथे केली. १८६७ मध्ये मेंडेलीव्ह पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि खरी अडचण तेथे उभी राहिली. विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पुस्तक लिहायचे, पण कोणते मूलद्रव्य आधी घ्यावे आणि कोणते नंतर? त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती आणि त्यांचा क्रम लावायला सर्वमान्य रीत नव्हती. आवर्तसारणीचा जन्म अशा रीतीने एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला. ती त्यांना स्वप्नात दिसली अशी एक गोष्ट सांगतात, पण तिच्यामागे कित्येक वर्षांचे वाचन आणि टिपणे होती, हे विसरू नये.

१८६९ मध्ये त्यांनी अणुभाराच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्ये मांडली. तेव्हा ठरावीक अंतरानंतर तेच गुण पुन्हा दिसू लागले. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे तिन्ही मऊ धातू, तिन्ही पाण्याशी जोराने क्रिया करणारे. म्हणून ते एका कुटुंबात गेले. असा प्रयत्न त्यांच्या आधीही काहींनी केला होता. इंग्लंडमधील न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये दर आठव्या मूलद्रव्याला गुण पुन्हा येतात असे मांडले, परंतु त्या मांडणीत रिकाम्या जागा नव्हत्या. त्यामुळे न जुळणारी मूलद्रव्ये एकाच घरात कोंबावी लागली.

मेंडेलीव्ह यांचे मोठेपण येथेच आहे. गुण जुळले नाहीत तर त्यांनी घर रिकामे ठेवले. येथे अजून न सापडलेले मूलद्रव्य असले पाहिजे असे त्यांनी मानले. पावसाळ्यात आपल्या राजघाटावर उभे राहिले की तापीच्या पाण्याखाली खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. पण वरच्या पायऱ्या पाहून खालीही पायऱ्या आहेत हे लहान मूलसुद्धा सांगते. मेंडेलीव्ह यांनी तसेच केले. रिकाम्या घरांना नावे देताना त्यांनी संस्कृतमधील एक हा शब्द घेतला. ॲल्युमिनियमच्या खालचे घर एका-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचे एका-सिलिकॉन. संस्कृतचा प्रचंड जर्मन कोश त्याच काळात त्यांच्याच शहरात छापला जात होता, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८७१ मध्ये त्यांनी या न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुण आकड्यांसह लिहून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्सच्या ल कॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडले. त्यांनी त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्ह यांनी कळवले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला तेव्हा घनता ५.९ च भरली. ज्यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्यांचे म्हणणे खरे ठरले! १८७९ मध्ये स्कँडियम मिळाले आणि १८८६ मध्ये जर्मेनियम. एका-सिलिकॉनचा अणुभार त्यांनी ७२ आणि घनता ५.५ सांगितली होती. जर्मेनियमचा अणुभार सुमारे ७२.६ आणि घनता सुमारे ५.३ आहे. त्यांची सगळीच भाकिते मात्र खरी ठरली नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

माणूस म्हणूनही ते निर्भय होते. १८८७ मध्ये सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते एकटेच बलूनमधून आकाशात गेले. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचा अर्ज त्यांनी स्वतः शिक्षणमंत्र्यांकडे पोहोचवला. तो परत आल्यावर त्यांनी विद्यापीठ सोडले. पुढे ते वजन-मापे खात्याचे प्रमुख झाले. १९०६ मध्ये नोबेल पारितोषिकाने त्यांना थोडक्यात हुलकावणी दिली आणि २ फेब्रुवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कथेतील सर्वांत विलक्षण भाग. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला, किरणोत्सर्गही उजेडात आला. अणूच्या आत आणखी काही असते हे मेंडेलीव्ह यांना शेवटपर्यंत पटले नाही. आणि अणूच्या आतली रचना उलगडायला त्यांच्याच सारणीचा सर्वांत जास्त उपयोग झाला! मोठी माणसेही चुकतात, पण त्यांनी प्रामाणिकपणे केलेले काम त्यांच्याही पुढे जाते.

पुढचे पाऊल १९१३ मध्ये हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने टाकले. निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजल्यावर त्यांना दिसले की प्रत्येक मूलद्रव्य मागच्यापेक्षा बरोबर एका पायरीने वर आहे. मधे अर्धी पायरी कुठेच नाही. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रकातील धनभार, म्हणजेच अणुअंक. यामुळे एक जुने कोडे सुटले. टेल्युरियमचा अणुभार आयोडीनपेक्षा जास्त असूनही मेंडेलीव्ह यांनी गुण पाहून टेल्युरियम आधी ठेवले होते. अणुभार चुकीचा मोजला गेला असेल असे त्यांना वाटले. अणुभार बरोबरच होता, क्रमही बरोबर होता. टेल्युरियमचा अणुअंक ५२ आणि आयोडीनचा ५३ निघाला. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते.

तक्ता वाचण्याआधी शब्दांची एक गोष्ट. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे हा घोटाळा आम्ही स्वतः अनुभवला आहे. हिंदीत ज्याला परमाणु म्हणतात तो मराठीत अणू. हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू. हिंदीतले नाभिक ते मराठीत अणुकेंद्रक, कोश ते कवच. आपली मुले घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. दोन्ही भाषांची पुस्तके वाचताना एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही.

आता सोडियमचे घर पाहा. अणुअंक ११, म्हणजे केंद्रकात ११ प्रोटॉन आणि बाहेर ११ इलेक्ट्रॉन. तिसरी आडवी ओळ, म्हणजे तीन कवचे. पहिला उभा स्तंभ, म्हणजे शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन. मांडणी झाली २, ८, १. वरच्या लिथियमची २, १ आणि खालच्या पोटॅशियमची २, ८, ८, १. तिघांच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, म्हणून तिघांचे गुण सारखे. क्लोरीन १७ व्या स्तंभात आहे. १३ ते १८ या स्तंभांच्या अंकातून दहा वजा करावेत. सात राहतात, म्हणून मांडणी २, ८, ७. आठाला एक कमी पडतो. तो एक सोडियमकडे सुटा आहेच. दोघांची देवाणघेवाण झाली की आपल्या ताटातले मीठ तयार होते. या रीतीला हीलियमसारखा अपवाद आहे आणि ३ ते १२ या स्तंभांचा हिशोब वेगळा आहे, तो वरच्या वर्गात शिकाल.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की पहिली वीस मूलद्रव्ये ओळखीची असावीत, बाकी तक्ता वाचायला शिकावे. आज ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत आणि सातवी ओळ पूर्ण भरली आहे. त्यांपैकी १०१ वे मेंडेलेव्हियम, १९५५ मध्ये तयार झालेले. घरी जाऊन गंधकाची मांडणी तक्त्यावरून स्वतः काढा आणि आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.

शिक्षक आणि पालक यांना एक विनंती. मुलाने उत्तराची जागा रिकामी ठेवली तर लगेच रागावू नये. ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा, मला हे अजून माहीत नाही असे सांगणारी रिकामी जागा बरी. तिथे काय बसेल हे शोधण्याची आवड मात्र त्याला लावली पाहिजे. ती आवड आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीत रुजो, हीच सदिच्छा.