विश्लेषण : स्वतःचं आडनाव कोर्टात गमावलं, त्यातून ‘ऑडी’ जन्मली, कोण होते ऑगस्ट हॉर्श?

अमरावती ते अकोला हा रस्ता वऱ्हाडातल्या माणसाला नव्याने सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं रखडलेलं काम, खड्डे, धूळ आणि मग जून २०२२ मधला तो विक्रम : राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका लेनचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला की गाड्याही बदलतात. आता या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या जर्मन सेदान दिसतात. नव्या हॅचबॅकच्या किमतीत सेकंड हँड ऑडी मिळते म्हटल्यावर हौशी माणसाचा हात खिशाकडे जातोच.

पण ही गाडी घेणं सोपं, सांभाळणं अवघड, असं प्रत्येक मेकॅनिक सांगतो. ते का, हे समजून घ्यायचं असेल तर १५० वर्षांपूर्वीच्या एका लोहाराच्या मुलाची गोष्ट माहीत हवी. उत्तम गाडी आणि परवडणारी गाडी यांतल्या भांडणात त्याने आपली कंपनी गमावली आणि पाठोपाठ आपलं नावही.

ऑगस्ट हॉर्श कोण होते?

ऑगस्ट हॉर्श यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६८ रोजी जर्मनीत मोझेल नदीकाठच्या विनिंगेन या गावात झाला. गाव द्राक्षमळ्यांचं, घरचा धंदा लोहारकामाचा. ऑगस्ट वडिलांच्याच भट्टीवर काम शिकले. त्या काळच्या रीतीप्रमाणे कारागीर म्हणून गावोगाव फिरले, युरोपच्या आग्नेय भागापर्यंत जाऊन आले. पुढे मिटवायडा इथल्या तंत्रविद्यालयात शिकून ते इंजिनीअर झाले.

आधी हातात हातोडा आणि नंतर डिग्री, हा क्रम त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो. धातू तापला की कसा वागतो, कुठे तुटतो, हे त्यांना पुस्तकाआधी ऐरणीवर कळलं होतं.

बेंझ यांची नोकरी का सोडली?

१८९६ मध्ये हॉर्श मॅनहाइमला कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात रुजू झाले. मोटारगाडीचा शोध ज्यांच्या नावावर आहे, तेच हे बेंझ. थोड्याच काळात गाड्यांच्या उत्पादनाची जबाबदारी हॉर्श यांच्याकडे आली. पण बेंझ सावध स्वभावाचे होते. चालू असलेल्या रचनेत मोठे बदल करायला ते राजी नसत. हॉर्श यांच्या डोक्यात नव्या कल्पनांची गर्दी होती. तीन वर्षांत त्यांनी नोकरी सोडली.

१४ नोव्हेंबर १८९९ रोजी कोलोन शहरात ‘ए. हॉर्श अँड कंपनी’ सुरू झाली. पहिली गाडी १९०१ मध्ये रस्त्यावर आली. तेव्हा अनेक गाड्यांची मागची चाकं सायकलसारखी साखळीने फिरत. साखळी धूळ खायची, ताणली जायची, तुटायची. हॉर्श यांनी साखळीऐवजी शाफ्टने चाकं फिरवायचा रस्ता धरला. गिअरसाठी त्यांनी क्रोम-निकेल पोलाद वापरलं. ते साध्या पोलादापेक्षा मजबूत आणि अर्थातच महागही.

भांडवलाच्या शोधात कंपनी आधी राइशेनबाख आणि मग १९०४ मध्ये त्स्विकाऊ या शहरात गेली. तिथे तिची शेअर भांडवलाची कंपनी झाली. म्हणजे पैसा आला, आणि पैशाबरोबर हिशेब विचारणारे संचालकही आले.

स्वतःच्याच कंपनीतून बाहेर कसे पडले?

१९०६ मध्ये हर्कोमर ही त्या काळची मानाची लांब पल्ल्याची स्पर्धा हॉर्शच्या गाडीने जिंकली. ती चालवणारे रुडॉल्फ श्टॉस हे व्यवसायाने वकील होते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण कारखान्यातल्या कसलेल्या ड्रायव्हरऐवजी एका हौशी माणसाच्या हातात गाडी टिकली होती. हॉर्शचं नाव झालं.

हुरूप वाढला. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन आलं. मात्र पुढच्या स्पर्धांमध्ये अपेक्षित यश मिळालं नाही आणि खर्च फुगत गेला. दर्जाबाबत हॉर्श तडजोड करायला तयार नव्हते. संचालकांना मात्र ताळेबंद दिसत होता. दोन्ही बाजूंनी पाहिलं तर दोघांचंही खरं होतं. वाद विकोपाला गेला आणि जून १९०९ मध्ये हॉर्श त्यांनीच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले. कारखाना राहिला, यंत्रं राहिली, दारावरचं नावही तिथेच राहिलं.

‘ऑडी’ हे नाव नेमकं कसं पडलं?

हॉर्श गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. महिन्याभरात, १६ जुलै १९०९ रोजी त्यांनी त्याच शहरात नवी कंपनी काढली आणि तिलाही आपलंच नाव दिलं. जुन्या कंपनीने कोर्टात धाव घेतली. हॉर्श हे नाव आता आमचा ट्रेडमार्क आहे, असा तिचा दावा होता. निकाल हॉर्श यांच्या विरोधात गेला. माणसाला जन्माने मिळालेलं आडनाव त्याच्याच गाडीवर लावायला कायद्याने बंदी आली.

मग नावाचा खल सुरू झाला. मित्र आणि भागीदार फ्रान्झ फिकेन्शर यांच्या घरी बैठक बसली होती. फिकेन्शर यांचा मुलगा हाइनरिश तिथेच लॅटिनचा अभ्यास करत होता. मोठ्यांची चर्चा त्याच्या कानावर पडत होती. जर्मन भाषेत हॉर्श या शब्दाचा अर्थ होतो ‘ऐक’. मुलाने सुचवलं की तोच शब्द लॅटिनमध्ये घ्या : ‘ऑडी’. वऱ्हाडीत सांगायचं तर ‘आयक’!

एप्रिल १९१० मध्ये कंपनीचं नाव अधिकृतपणे ऑडी झालं. अर्थ तोच राहिला, फक्त भाषा बदलली. कोर्टाने काढून घेतलेलं नाव हॉर्श यांनी असं मागच्या दाराने परत आणलं.

गाडीची परीक्षा कुठे झाली?

नाव मिळालं तरी नव्या कंपनीवर विश्वास कोण ठेवणार? हॉर्श यांनी उत्तरासाठी डोंगर निवडला. ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वतात होणारी स्पर्धा त्या काळी सर्वांत खडतर मानली जायची. खडी चढण, कच्चा रस्ता आणि दिवसच्या दिवस न थांबता चालणारं इंजिन. १९११ मध्ये हॉर्श स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि एकही दंडगुण न घेता स्पर्धा पूर्ण केली. १९१२ ते १९१४ या तीन वर्षांत ऑडीच्या संघाने तिथे पुन्हा पुन्हा यश मिळवलं. त्या गाडीला ‘आल्प्सविजेती’ असंच नाव पडलं.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट मे महिन्यात चढलेल्या कुणालाही या स्पर्धेचं महत्त्व लगेच कळेल. सपाट रस्त्यावर कोणतीही गाडी पळते. कूलिंग, ब्रेक आणि गिअरबॉक्स यांचं खरं रूप घाटातच उघडं पडतं.

चार कड्या म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची अर्थव्यवस्था ढासळली. १९२० मध्ये हॉर्श ऑडीच्या रोजच्या कारभारातून बाजूला झाले आणि बर्लिनमध्ये मोटार क्षेत्रातले तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. १९२२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९२८ मध्ये ऑडी कंपनी डीकेडब्ल्यूच्या मालकाच्या ताब्यात गेली.

जागतिक मंदीत कारखाने वाचवण्यासाठी १९३२ मध्ये चार कंपन्या एकत्र आल्या : ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वाँडरर. या नव्या कंपनीचं नाव ‘ऑटो युनियन’ आणि चिन्ह एकमेकांत अडकलेल्या चार कड्या. म्हणजे बोनेटवरच्या त्या चारपैकी दोन कड्या एकाच माणसाच्या आहेत : एक त्याला बाहेर काढणाऱ्या कंपनीची आणि दुसरी त्यानंतर त्याने उभारलेल्या कंपनीची. तेवीस वर्षांपूर्वी कोर्टात भांडलेली दोन्ही नावं एका छताखाली आली.

हॉर्श ऑटो युनियनच्या पर्यवेक्षक मंडळावर होते. या कंपनीचा एक काळा अध्यायही आहे. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर आणि छळछावण्यांतले कैदी राबवले गेले. ऑडीने स्वतःच इतिहासकारांकडून करवून घेतलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याची सविस्तर नोंद आहे. चार कड्यांचा इतिहास सांगताना ही बाजू गाळता येत नाही.

अखेरचे दिवस कसे गेले?

१९४५ मध्ये जर्मनी हरली. त्स्विकाऊ सोव्हिएत ताब्यात गेलं. ज्या शहराने १९३९ मध्ये मानद नागरिक केलं, ते शहर सोडून सत्तरी पार केलेले हॉर्श पश्चिमेकडे आले आणि म्युन्शबर्ग या छोट्या गावात राहिले. कारखान्यांतली यंत्रं उचलून नेली गेली. त्याच आवारात पुढे पूर्व जर्मनीची ‘ट्राबांट’ ही साधी छोटी गाडी बनू लागली. ऑटो युनियन १९४९ मध्ये इंगोलश्टाट इथे नव्याने उभी राहिली.

३ फेब्रुवारी १९५१ रोजी ८२ व्या वर्षी हॉर्श यांचं निधन झालं. जन्मगावी विनिंगेनमध्येच त्यांचं दफन झालं. त्या दिवशी जगात कुठेही ‘ऑडी’ नावाची नवी गाडी बनत नव्हती. हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं ते १९६५ मध्ये, फोक्सवॅगनच्या काळात. आपल्या नावाचा झेंडा जगभर लागलेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

महाराष्ट्राशी संबंध काय?

२००७ मध्ये ऑडीने भारतात स्वतंत्र कारभार सुरू केला आणि ए६ सेदानची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा इथल्या स्कोडाच्या कारखान्यात सुरू झाली. पाठोपाठ २००८ मध्ये ए४ आली. वऱ्हाडात फिरणाऱ्या अनेक जुन्या ऑडी अशा प्रकारे अकोल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर जोडलेल्या आहेत. गाडी जर्मन असली तरी शेवटचा पाना मराठी हाताने आवळलेला आहे.

मग सांभाळायला एवढी महाग का?

आजच्या ए४ किंवा ए६ मध्ये हॉर्श यांचा एकही नटबोल्ट नाही. पण दर्जा आणि खर्च यांतली ओढाताण तीच आहे, आणि सेकंड हँड मालकाच्या वाट्याला तिचं बिल येतं. काही उदाहरणं पाहू.

• सस्पेन्शन : पुढच्या दोन्ही चाकांना मिळून अ‍ॅल्युमिनियमचे आठ आर्म. हायवेवर गाडी चिकटून चालते ती यामुळेच. पण प्रत्येक आर्मला रबरी बुश आहे, आणि खड्ड्यांत एक गेला की बाकीच्यांवर ताण येतो.

• इंजिनची जागा : इंजिन लांबीत बसवलेलं आणि बरंचसं पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. त्यामुळे पुढच्या बाजूचं काम निघालं की बऱ्याचदा बंपर खोलून रेडिएटरची चौकट पुढे सरकवावी लागते. पार्ट स्वस्त, मजुरी महाग.

• टायमिंग चेन : व्ही६ डिझेलमध्ये चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती खडखडू लागली तर काम लाखाच्या भाषेत जाऊ शकतं.

• तेल : एका काळातल्या टर्बो पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगमुळे ऑइल जास्त जाण्याची तक्रार जगभर झाली. डिपस्टिक किंवा डिस्प्लेवर पातळी पाहायची सवय हवी.

• कूलिंग : टाकी आणि नळ्यांचे जोड प्लॅस्टिकचे. वयाने ठिसूळ होतात. अकोल्याच्या ४५ अंशांत आधी तेच फुटतात.

घेण्याआधी काय पाहावं?

सर्व्हिसचा पूर्ण इतिहास नसेल तर भाव कितीही कमी असो, पुढे जाऊ नका. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, कारण चेनचा आवाज पहिल्या काही सेकंदांतच येतो. मोठा स्कॅनर लावून सगळे मोड्यूल तपासा. अधिकृत सर्व्हिससाठी बहुतेक वेळा नागपूरकडे जावं लागणार, हे धरून चाला. आणि गाडीच्या किमतीइतकाच विचार पहिल्या वर्षाच्या खर्चाचा करा : सगळी तेलं, कूलंट, ब्रेक, बुश आणि टायर. तेवढे पैसे बाजूला काढता येत नसतील, तर ती गाडी परवडत नाही.

हे केलं तर जुनी ऑडी चांगली साथ देते. मूर्तिजापूर ओलांडून मोकळ्या रस्त्यावर तिचं वजन, तिची पकड आणि तिची शांतता अनुभवली की लोक एवढा खर्च का करतात तेही कळतं. हॉर्श यांच्या संचालकांना खर्च दिसला, त्यांना स्वतःला गाडी दिसली. मालकाला मात्र दोन्ही पाहावं लागतं. आणि आवाज बदलला की दुर्लक्ष करायचं नाही. कंपनीच्या नावातच ते सांगून ठेवलं आहे.