‘किंग’चा नातू

समजा, उद्या तुम्हाला कळलं की आजोबांनी तुमच्या नावावर सुमारे ६५ हजार एकर जमीन ठेवलीय. सोबत माणसंही. ती पगारावर नाहीत, चक्क तुमच्या ‘मालकीची’ आहेत. तुमचं वय जेमतेम २१. काय कराल?

व्हर्जिनियातल्या रॉबर्ट कार्टरच्या बाबतीत १७४९च्या सुमारास हे खरोखर घडलं. तेव्हा अमेरिका नावाचा देशही नव्हता, ती ब्रिटिशांची वसाहत होती. त्यानं काय केलं हे समजायला आधी त्याच्या आजोबांना भेटायला हवं.

आजोबा: कुंपणानं खाल्लेलं शेत

आजोबांचं नावही रॉबर्ट कार्टर, पण लोक त्यांना ‘किंग’ कार्टर म्हणायचे. त्यांचे वडील जॉन इंग्लंडहून आले, तंबाखूची शेती करून बऱ्यापैकी स्थिरावले. मोठा सावत्रभाऊ वारल्यावर सगळी मालमत्ता रॉबर्टकडे आली. खरी उडी मात्र १७०२ नंतरची. पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या दोन नद्यांमधला अफाट प्रदेश इंग्लंडमधल्या फेअरफॅक्स घराण्याचा होता. मालक समुद्रापलीकडे, मग इथं जमिनी वाटायला आणि खंड गोळा करायला एजंट हवा. तो एजंट म्हणजे ‘किंग’ कार्टर. जमिनी वाटण्याचे अधिकार हातात आल्यावर उत्तम तुकडे कुणाला मिळाले असतील? बरोबर. स्वतःच्या मुला-नातवंडांना.

१७३२ मध्ये ते गेले तेव्हा मागे सुमारे ३ लाख एकर जमीन आणि जवळपास १००० गुलाम होते. हा माणूस किती कठोर होता? १७०८ मध्ये ‘न ऐकणाऱ्या’ दोन गुलामांच्या पायाची बोटं कापायला त्यांनी रीतसर कोर्टाची परवानगी मिळवली होती.

नातू: आधी मजा, मग प्रश्न

त्याच १७३२ साली, काही महिन्यांच्या अंतरानं, रॉबर्टचे वडीलही वारले. पोरगं अवघं चार वर्षांचं. मोठं झाल्यावर तो लंडनला गेला. तेव्हाच्या एका चित्रात तो सोनेरी पोशाखात, हातात मुखवटा घेऊन उभा दिसतो. अगदी श्रीमंत बापाचा मुलगा! परत येऊन लग्न, १७ मुलं, गव्हर्नरच्या कौन्सिलमध्ये जागा. नोमिनी हॉल नावाच्या त्याच्या वाड्यात मोठी लायब्ररी आणि नाना वाद्यं. हे सगळं गुलामांच्या कष्टांवर चाललं होतं, आणि कित्येक वर्षं त्यानंही ते चालू दिलं. म्हणजे तो जन्मापासून संत वगैरे अजिबात नव्हता.

बदल सुरू झाला १७७७ मध्ये. देवी टोचून घेतल्यावर आलेल्या तापात त्याला काहीतरी विलक्षण धार्मिक अनुभव आला. पुढच्या वर्षी तो बाप्टिस्ट झाला. बड्या घरातले लोक ज्या पंथाला नाकं मुरडायचे, तोच हा पंथ. इथं प्रार्थनेला गोरे आणि काळे एकत्र असायचे. ज्याच्या शेजारी बसून प्रार्थना करायची, त्याचेच आपण मालक कसे? हा प्रश्न त्याला सुटेना. १७८६ मध्ये त्यानं दोन मुलांना शिकायला दूर ऱ्होड आयलंडला पाठवलं, गुलामगिरीच्या वातावरणात ती वाढू नयेत म्हणून.

४५२ नावं

१७८२च्या कायद्यानं व्हर्जिनियात मालकाला स्वतःच्या कागदावर गुलाम मुक्त करता येऊ लागले होते. १७९१ मध्ये कार्टरनं एक दस्त तयार केला आणि सप्टेंबरमध्ये कोर्टात दाखल केला. त्यात ४५२ जणांची नावं आणि वयं होती. सगळे एकदम सुटणार नव्हते. १७९२ पासून दरवर्षी १५ जण, आणि लहान मुलं सज्ञान झाल्यावर. पुढं जन्मलेली मुलं धरून आकडा ५००च्या वर जातो. अमेरिकन यादवी युद्धाआधी एका माणसानं केलेली ही सर्वांत मोठी मुक्तता मानली जाते.

कौतुक झालं का? छे! शेजारी चिडले, घरातूनही विरोध झाला. वारसाहक्काची ‘मालमत्ता’ बाप वाटून टाकतोय म्हटल्यावर काय होणार? १७९३ मध्ये तो बाल्टिमोरला निघून गेला. मुक्ततेचं काम बंद पडू नये म्हणून त्यानं ते एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाकडे सोपवलं. १८०४ मध्ये तो वारला. नोमिनी हॉलजवळ त्याला पुरलं, पण थडग्यावर साधा दगडही नव्हता.

आजोबांनी खर्च केलेलं देखणं चर्च आजही उभं आहे. त्यांच्या वंशात पुढं अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष झाले. वॉशिंग्टननं मृत्युपत्रात आपले १२३ गुलाम मुक्त केले, ते पुस्तकात आलं. कार्टरनं जिवंतपणी, घरच्यांची नाराजी ओढवून, त्याच्या कितीतरी पट माणसं मुक्त केली. तरी त्याचं नाव तुम्ही बहुधा आज पहिल्यांदा ऐकताय.

पण त्याचा दस्त टिकलाय. त्या गुलामांचे वंशज आज आपल्या खापरपणजोबांचं नाव शोधतात, तेव्हा याच यादीशी येऊन थांबतात. गुलामांची नावं तेव्हा फार कमी कागदांवर नीट लिहिली जायची. म्हणून ‘किंग’च्या नातवाचा हा कागद आता शेकडो कुटुंबांच्या इतिहासाचं पहिलं पान आहे.