सर्दीने हुकलेला नट

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या रेल्वे कॉलनीत नाटकाच्या तालमी सुरू होतात आणि महिनाभर कोणाला कोणती भूमिका मिळाली, याखेरीज दुसरा विषय नसतो. ज्यांना भूमिका मिळते ते खुशीत असतात. ज्यांना मिळत नाही ते आठवडाभर तालमीकडे फिरकत नाहीत. मला त्यांचे दुःख ठाऊक आहे. वीस वर्षांपूर्वी डिप्लोमा करून मी नुकताच या परप्रांतात नोकरीवर रुजू झालो होतो. नाटकात मला चांगली भूमिका मिळाली होती, सगळे संवाद पाठ होते. प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी सेक्शनमध्ये रूळ तुटल्याचा निरोप आला आणि मी ट्रॉलीवर बसून निघून गेलो. माझे संवाद दुसऱ्या कोणीतरी वही हातात धरून म्हटले. त्यानंतर मी विंगेत प्रॉम्प्टर म्हणूनच राहिलो. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा मला चार्ल्स डिकन्सची गोष्ट सांगावीशी वाटली.

ऑलिव्हर ट्विस्ट आणि डेव्हिड कॉपरफील्डचा लेखक म्हणून डिकन्स आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण या माणसाला आधी नट व्हायचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे झाला. वडील सरकारी कारकून होते, पण हात सढळ आणि मिळकत तोकडी. कुटुंब लंडनला आले आणि १८२४ साली कर्ज न फेडल्याबद्दल वडिलांची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले चिकटवू लागला. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. ही लाज त्याने जन्मभर मनात दडवून ठेवली. पुढे दिवस थोडे पालटले, थोडे शिक्षण झाले आणि पंधराव्या वर्षी, १८२७ मध्ये, तो एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला.

त्या कचेरीत त्याला पॉटर नावाचा एक सहकारी मित्र भेटला. दोघेही नाटकवेडे! काम संपले की दोघांची पावले नाटकगृहाकडे वळत. त्या काळी लंडनमध्ये मुख्यतः ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोनच मोठ्या नाटकगृहांना गद्य नाटके करण्याचा परवाना होता. बाकीची लहान नाटकगृहे मध्ये मध्ये गाणी आणि संगीत घालून कायद्यातून पळवाट काढत. ही मक्तेदारी १८४३ च्या कायद्याने मोडली. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्याकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला.

खेळ संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चाले आणि नऊच्या सुमारास अर्ध्या दरात आत जाता येई. कारकुनाच्या खिशाला तेच परवडे. शिवाय काही खाजगी नाटकगृहे अशी होती, की तिथे पैसे भरून हौशी माणसाला भूमिका विकत घेता येई. तिसऱ्या रिचर्डची भूमिका दोन पौंडांना, लंडनच्या मेयरची अडीच शिलिंगांना, असा तिथला दर डिकन्सने नंतर मोठ्या गमतीने लिहून ठेवला. कचेरीच्या मालकाच्या आठवणीप्रमाणे हे दोन मित्र लहान नाटकगृहांत नुसते बघायला जात नसत, तर अधूनमधून कामेही करत. पुढे एका विनोदी लेखात डिकन्सने पात्राला चक्क पॉटर हेच नाव दिले.

शॉर्टहँड शिकून तो न्यायालयाचा वार्ताहर झाला तरी हे वेड सुटले नाही. निदान तीन वर्षे तो जवळजवळ रोज रात्री नाटकाला जात होता. पण त्याचे पाहणे करमणुकीपुरते नव्हते. चांगला अभिनय कुठे आहे ते शोधून तो तिथे जाई. चार्ल्स मॅथ्यूज नावाचा नट एकट्याने रंगमंचावर उभा राहून, आवाज आणि कपडे बदलत, एकामागून एक अनेक पात्रे उभी करीत असे. त्याचा खेळ असला की डिकन्स हजर. घरी आल्यावर खोलीचे दार लावून सराव. दारातून आत कसे यावे, बाहेर कसे जावे, खुर्चीवर कसे बसावे, याचाही त्याने दिवसाला चार-चार, सहा-सहा तास अभ्यास केला.

अखेर १८३२ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने कॉव्हेंट गार्डनचे व्यवस्थापक बार्टली यांना पत्र लिहिले. आपले वय कळवले, आपल्याला काय जमते ते सांगितले आणि चाचणी घ्यावी अशी विनंती केली. उत्तर आले, दिवसही ठरला. परीक्षक होते स्वतः बार्टली आणि नामांकित नट चार्ल्स केम्बल. डिकन्सची बहीण फॅनी संगीत शिकलेली होती. ती पियानोवर साथ करणार होती. सगळी तयारी झाली. आणि त्याच दिवशी डिकन्सला जबरदस्त सर्दी झाली, तोंड सुजले. पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करीन, असे त्याने कळवून टाकले.

तो अर्ज त्याने कधीच केला नाही. दरम्यान संसदेच्या कामकाजाचा वार्ताहर म्हणून त्याचे नाव होऊ लागले होते. डिसेंबर १८३३ मध्ये त्याची पहिली कथा मासिकात छापून आली. १८३६ मध्ये पिकविक पेपर्स मासिक भागांतून निघू लागले. सुरुवातीला जेमतेम चारशे प्रतींची बांधणी होत होती, शेवटाकडे खप चाळीस हजारांवर गेला. पंचविशीतच तो देशातला सर्वांत लाडका लेखक झाला.

मग ती तीन वर्षे फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. त्याच्या मुलीने एक आठवण सांगितली आहे. लहानपणी आजारी असताना ती त्याच्या अभ्यासिकेत कोचावर पडून होती. लिहिता लिहिता डिकन्स उठला, आरशासमोर जाऊन त्याने चित्रविचित्र तोंडे केली, धावत येऊन भराभर लिहिले, पुन्हा आरशासमोर गेला आणि स्वतःशी पुटपुटू लागला. त्याची पात्रे बोलण्याच्या लकबीवरूनच ओळखू येतात, त्याचे कारण इथे सापडते. बंद खोलीत खुर्चीवर बसण्याचा सराव करणारा तो मुलगाच पुढे कागदावर सगळ्या भूमिका एकटा करत होता.

नट होता आले नाही, तरी नटांची मैत्री त्याने सोडली नाही. जॉन फॉर्स्टर या जिवलग मित्रामुळे १८३७ मध्ये त्याची ओळख त्या काळातील थोर नट मॅक्रेडी यांच्याशी झाली. निकोलस निकल्बी ही कादंबरी त्याने मॅक्रेडींनाच अर्पण केली. १८४२ मध्ये डिकन्स पतिपत्नी अमेरिकेला गेली, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांची देखभाल मॅक्रेडी कुटुंबाने केली. १८४४ च्या हिवाळ्यात डिकन्स इटलीत होता. नाताळची नवी कथा लिहून होताच ती मित्रांना वाचून दाखवण्यासाठी तो थेट लंडनला आला. ती ऐकताना मॅक्रेडींसारखा मुरलेला नट हुंदके देऊन रडला!

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८४५ मध्ये, याच मित्रमंडळींतून त्याने हौशी नाटकमंडळी उभी केली. बेन जॉन्सनच्या जुन्या नाटकात त्याने बढाईखोर कॅप्टन बोबाडिल रंगवला. फॉर्स्टर, पंच साप्ताहिकाचा संपादक मार्क लेमन, चित्रकार लीच, लेखक जेरोल्ड, सगळ्यांनी कामे केली. दिग्दर्शन, सेट, कपडे, हिशेब, प्रॉम्प्टिंग, डिकन्स सगळीकडे स्वतः! १८४८ मध्ये या मंडळीने लंडनबाहेर मँचेस्टर, लिव्हरपूल, एडिंबरो, ग्लासगो अशा शहरांत प्रयोग केले. उत्पन्न अडचणीतल्या लेखकांच्या मदतीला जाई. १८५७ मध्ये जेरोल्ड वारला, तेव्हा त्याच्या कुटुंबासाठी डिकन्सने फ्रोझन डीप या नाटकाचे प्रयोग लावले. त्यातला त्याचा अभिनय पाहून मोठमोठी सभागृहे रडली.

पण याच नाटकाने त्याचे घर मोडले, हेही लिहायला हवे. मँचेस्टरच्या प्रयोगांसाठी व्यावसायिक नट्या घेतल्या होत्या. त्यांपैकी एलन टर्नन या अठरा वर्षांच्या मुलीत पंचेचाळीस वर्षांचा डिकन्स गुंतला. १८५८ मध्ये दहा मुलांची आई असलेल्या पत्नीपासून तो वेगळा झाला. या प्रकरणात त्याची वागणूक निष्ठुर होती. मार्क लेमनसारखा जुना मित्रही त्यात दुरावला.

त्याच वर्षी त्याने पैसे घेऊन स्वतःच्या पुस्तकांचे जाहीर वाचन सुरू केले. हे लेखकाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे फॉर्स्टरचे मत होते. डिकन्सने ऐकले नाही. एक उंच मेज, मागे पडदा, वर गॅसचे दिवे आणि समोर हजारो माणसे. एकटा माणूस सगळी पात्रे करतोय! तरुणपणी पाहिलेला मॅथ्यूज आता तो स्वतःच झाला होता. असे चारशेहून अधिक प्रयोग झाले.

आता माझ्या खात्याची एक गोष्ट. ९ जून १८६५ रोजी डिकन्स फ्रान्सहून परतताना स्टेपलहर्स्ट येथे त्याच्या गाडीला अपघात झाला. पुलावर लाकडे बदलण्याचे काम चालू होते आणि रूळ काढलेले होते. बोटीला जोडून धावणाऱ्या या गाडीची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलत असे. मुकादमाने वेळापत्रकात चुकीच्या दिवसाची वेळ पाहिली. लाल झेंडीवाला नियमाप्रमाणे १००० यार्डांवर हवा होता, तो ५५४ यार्डांवर उभा होता. दहा माणसे ठार झाली. डिकन्सचा डबा पुलावरून अर्धवट लोंबकळत राहिला. बाहेर पडून त्याने टोपीतून पाणी आणून जखमींना पाजले आणि मग डब्यात परत शिरून अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित काढले. त्यानंतर दोन आठवडे त्याचा आवाज गेला होता, आणि रेल्वेत बसले की त्याला कापरे भरे. ब्लॉक घेताना वेळ आणि अंतर दोनदा का तपासायचे, हे नव्या गँगला सांगताना मी हाच अपघात सांगतो.

कापरे भरत असूनही तो गावोगाव रेल्वेनेच वाचनाला जात राहिला. ऑलिव्हर ट्विस्टमधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो असा करी, की बायका बेशुद्ध पडत. त्याची नाडी इतकी वाढे, की डॉक्टर विंगेत बसून ती मोजत. एप्रिल १८६९ मध्ये प्रकृती ढासळून दौरा थांबला. १५ मार्च १८७० रोजी लंडनमध्ये त्याने शेवटचे वाचन केले, प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि ९ जून १८७० रोजी, अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

डिकन्सला एक दरवाजा बंद झाला, तो सर्दीमुळे. पण त्या दरवाजासाठी केलेली मेहनत त्याला आयुष्यभर पुरली, आणि नाटकापायी जोडलेले बहुतेक मित्रही. म्हणून यंदा ज्या मुलांना भूमिका मिळाली नाही, त्यांना माझे एवढेच सांगणे, की तालमीला या. कोण कसा बसतो, कसा उठतो, कुठे थांबतो, ते बघा. विंगेत माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी असते. आणि सेक्शनमधून निरोप आलाच, तर वही कोणाच्या तरी हातात द्यायला हवीच की!