सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई

नाताळच्या विशेष पानासाठी शहागडास गोदातीरी लेखणी हाती घेतली आणि मन प्रवाहाच्या उलट दिशेने थेट नाशिकजवळच्या जलालपुरास गेले. त्याच गोदेच्या काठी १८६८ साली मनकर्णिका गोखले जन्मली. पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून सारा महाराष्ट्र तिला ओळखू लागला.

ख्रिस्ती घर म्हणजे काय, हे आपल्या भागास अपरिचित नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी गेल्या शतकाच्या आधीच जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली होती. परंतु एकाच घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, हा प्रसंग लक्ष्मीबाईंनी जसा भोगला तसा फार थोड्यांच्या वाट्यास आला असेल.

त्यांच्या माहेरचे सोवळे विलक्षण होते. मातामहांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाची भीती कायमची बसली. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याखेरीज घरात येत नसे! अशा घरातली ही मुलगी १८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक वृत्तीने कवी आणि स्वभावाने अस्थिर. संस्कृताचे व्यासंगी. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

विवाहविधीत वर प्रतिज्ञा करतो की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत मी हिला डावलून जाणार नाही. टिळकांनी पहिल्याच ठिकाणी ती मोडली. त्यांची तळमळ खरी होती, हे मान्य करूनही हा दोष मी त्यांच्या पदरी घालतो. पत्नीच्या कडेवर तीन-साडेतीन वर्षांचा दत्तू होता. तिला सोबत न घेता ते एकटेच पुढे गेले. लक्ष्मीबाई दुःखाने आजारी पडल्या. चार वर्षांहून अधिक काळ त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात, विठोबाच्या सावलीत गेला. टिळकांनी दुसरा संसार मात्र थाटला नाही.

शेवटी त्या नगरास पतीकडे आल्या, पण आपला धर्म घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे. पतीने प्रार्थना करावी, पत्नीने आपले सोवळे सांभाळावे, असा संसार सुरू झाला. वाचकहो, मला या चरित्रातील सर्वांत मोलाचा काळ हाच वाटतो. ग्रंथांतील वाद सभेत जिंकता येतात. येथे वाद रोजच्या भाकरीशी होता. पुढे राहुरीस असताना त्यांनी स्वतःलाच विचारले, की जाती देवाने केल्या की माणसाने? मनाने उत्तर दिले त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मीठ धुऊन घेणाऱ्या घरातली लेक सोवळ्यातून बाहेर आली ती कोणाच्या सक्तीने नव्हे.

त्यानंतर त्या घराचे दार मोठे झाले. दुष्काळात अनाथ झालेली मुले तेथे वाढली. बालकवी ठोंबरे हिंदूच राहिले आणि तरीही त्या घरात पोटच्या मुलासारखे वावरले. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

आम्हा कीर्तनकारांना एक गोष्ट विशेष जवळची वाटावी. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली, आणि लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्तकीर्तने करीत. माहेरची भाषा त्यांनी सोडली नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य आरंभून अर्धवट ठेवले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, अक्षरे पतीकडूनच शिकलेल्या या बाईने उतारवयात त्याचे साठाहून अधिक अध्याय रचले. त्याच सुमारास त्यांची 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागली. पहिला भाग १९३४ सालचा. त्यात पतीवर राग आहे, थट्टा आहे, प्रेम तर ओळीओळींत आहे.

'सहधर्मचारिणी' हा शब्द आपण पत्नीसाठी सहज वापरतो, आणि पतीच्या मागे चालणारी असा त्याचा अर्थ धरतो. लक्ष्मीबाई मागे चालल्या नाहीत. त्या थांबल्या, भांडल्या, विचार करून पोहोचल्या, आणि मग पतीचे राहिलेले काम हाती घेतले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास, गोदेकाठीच, त्यांनी देह ठेवला. 'ख्रिस्तायन' तेव्हाही पुरे व्हायचे होते. अखेरचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला, आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.