जखमी कामगाराला पूर्ण पगार द्या, असे १८८४ मध्येच मागणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

रविवारची सुट्टी मिळवून देणारे नेते म्हणून नारायण मेघाजी लोखंडे अनेकांना माहीत आहेत. त्यांची दुसरी एक मागणी मात्र फारशी कोणाला आठवत नाही. ती होती कामावर जखमी झालेल्या कामगाराची.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. महात्मा फुले यांचे ते सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते. गिरणीत स्टोअरकीपर असल्याने तिथला कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. १८८० पासून ते 'दीनबंधू' चालवू लागले.

तेव्हाची गिरणी कशी होती? वाफेचे एक इंजिन आणि त्यावरून शाफ्ट व पट्ट्यांनी फिरणारी शेकडो यंत्रे. सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली की हातही गेलाच. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालायला सांगितले, पण हात गेलेल्या माणसाच्या चुलीचे काय, यावर कायदा गप्प होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाले. साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर या मागण्या त्यात होत्याच. शिवाय, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय, असेही स्पष्ट म्हटले होते. याच वर्षी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. तिचे सभासद शुल्क नव्हते की घटनाही नव्हती. आजच्या व्याख्येत ती युनियन बसणार नाही, पण निवेदनाचे वजन त्यामुळे कमी होत नाही.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विश्रांतीचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यात आला. भरपाई मागेच राहिली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगने लोखंडे यांचे निधन झाले.

भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे निवेदनानंतर ३९ वर्षांनी. त्यातही तात्पुरत्या अपंगत्वासाठी साधारण निम्माच पगार ठरला. या कायद्याचे नाव पुढे बदलले, पण हे सूत्र कायम राहिले. ईएसआय योजनेखाली विमा असलेल्या कामगाराला आज अशा काळात सुमारे ९० टक्के वेतन मिळते. लोखंडे यांनी मागितले होते १०० टक्के.